उद्यानातील दिवे: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उद्यानाच्या दिव्यांसाठी आमच्याकडे येणारे ग्राहक, मग ती गृहनिर्माण सोसायटी असो वा एखादे मंडळ, बहुधा सर्वप्रथम ‘किती वॅटचा दिवा लावायचा?’ असे विचारतात. त्याआधी अंधार पडल्यावर आमच्यासोबत बागेत एक फेरी मारावी, अशी आमची विनंती असते. खांब आधी उभे राहिले आणि झाडे मागाहून वाढली, अशा बागांत दिवा फांद्यांत अडकतो. आंब्याची पाने उजळून निघतात, पण खाली बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. तेथे वॅट वाढवल्यास झगझगाट तेवढा वाढतो, आणि त्या उजेडातून सावलीत पाऊल टाकणाऱ्याला समोरची पायरीही दिसेनाशी होते. म्हणून पायवाटेसाठी आम्ही फांद्यांखाली राहणारे ४ ते ५ मीटरचे खांब, प्रकाश खालीच टाकणारी फिटिंग आणि ३००० केल्व्हिनचा पिवळसर उजेड सुचवतो. पांढऱ्याफेक दिव्यापेक्षा याकडे किडेही कमी येतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसह सुमारे १७० वॅट घेतो. असे २० दिवे १२ तास चालल्यास रोज जवळपास ४१ युनिट लागतात. त्यांच्या जागी ६० वॅटचे एलईडी बसवल्यास १४.४ युनिट पुरतात, आणि वर्दळ ओसरल्यावर सहा तास ते ४० टक्क्यांवर ठेवल्यास सुमारे १० युनिटांत भागते. बाग रात्री उघडी राहत असल्यास दिवे पूर्ण बंद करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वाधिक काळजी मात्र जमिनीलगत घ्यावी लागते, कारण मुले खेळता खेळता ओल्या हाताने खांबाला धरतात. प्रत्येक खांबाला अर्थिंग, पॅनेलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि जमिनीखालून आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची केबल, यांत आम्ही काटकसर करत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे उथळ पायाचा खांब कलतो व केबलला ताण बसतो. शक्य तेथे पाया मुरुमापर्यंत नेला जातो. कृष्णाकाठच्या बागेत पॅनेल २०१९ च्या महापुराच्या खुणेपेक्षा उंच बसवावे, आणि ते शक्य नसल्यास पाणी चढण्यापूर्वी बागेचा पुरवठा बाहेरून तोडता येईल असा स्विच ठेवावा. पाणी ओसरल्यावर प्रत्येक खांबाचा जंक्शन बॉक्स उघडून, गाळ काढून, वाळवून आणि इन्सुलेशन तपासूनच वीज सुरू करावी.

काम पूर्ण झाल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण आम्ही आपल्या माळीकाकांना किंवा रखवालदाराला दाखवून देतो. ते महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही पुरवठा तुटला नाही, तर बागेचा मेन स्विच बंद करून त्याच दिवशी आम्हाला कळवावे.