चाक रुततं ती जागा

एका संध्याकाळी आमच्या जवळच्या बागेत सात-आठ वर्षांची एक मुलगी व्हीलचेअरवर बसून आली. फाटकाशी दुचाकी अडवायला रोवलेल्या लोखंडी खांबांमधून खुर्ची जाईना, म्हणून वडिलांनी आधी तिला उचललं, मग खुर्ची. पुढे झोपाळ्यांभोवतीच्या वाळूत खुर्ची पुन्हा थांबली. पुढची लहान चाकं आडवी वळून रुतली होती. ढकलावं तशी आणखी खोल जात होती.

वाळू टाकली ती मुलांच्याच काळजीने. दीड मीटर उंचीवरून पडलेलं मूल ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतं. काँक्रीटवर तो वेग एका क्षणात शून्य होतो आणि सगळा धक्का डोक्याला बसतो. वाळू दबते, थांबायला काही सेंटिमीटर अंतर मिळतं आणि धक्का सौम्य होतो. पण दबण्याचा हाच गुण चाकाला नडतो. टीचभर टेकलेल्या त्या लहान चाकांवर भार येतो आणि वाळू बाजूला सरकते.

म्हणजे पडणाऱ्यासाठी मऊ आणि चाकासाठी टणक, अशी जमीन हवी. खाली रबराच्या तुकड्यांचा जाड थर आणि वर सलग, सपाट थर दिला की हे साधतं. डोकं आदळतं तेव्हाचं बल प्रचंड असतं, त्याने रबर दबतं. खुर्चीच्या भाराने जेमतेम. मात्र आपल्याकडच्या उन्हात हेच रबर पाय भाजेल इतकं तापतं. म्हणून बागेचा आराखडा करताना मोठी झाडं कुठे आहेत हे आधी पाहावं, खेळणी नंतर मांडावीत.

झोका ही तर शरीराची गरज आहे. आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्या डोक्याचं वळणं टिपतात. शेजारीच कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. त्यांच्यामुळे पुढे-मागे जाणं आणि गुरुत्वाकर्षण कळतं. झोक्यावर हे सगळं एकाच वेळी जागं होतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मुलाला हा अनुभव सहसा मिळतच नाही. दोन मीटर लांबीच्या झोक्याची एक फेरी साधारण २.८ सेकंदांची, मूल हलकं असो वा भारी. हा ठरलेला ताल काही स्वमग्न मुलांना शांत करतो. टोपलीसारख्या रुंद, जाळीच्या झोक्यावर मान न सावरणारं मूलही मित्राशेजारी आडवं होऊन झुलू शकतं. हा एक झोका मला दहा रंगीत खेळण्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

घसरगुंडीचं गणित वेगळं. प्लॅस्टिकवरून घसरताना स्थिर वीज तयार होते आणि तिचा झटका कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवणयंत्रात, बिघाड करू शकतो. धातूची घसरगुंडी घेतली तर ती तापते, म्हणून तिचं तोंड उत्तरेकडे आणि वर सावली हवी. वर जायला उतार करायचा तर एक मीटर उंचीसाठी निदान बारा मीटर लांबी लागते. त्यापेक्षा मातीची टेकडी करून घसरगुंडी तिच्या अंगावरच टेकवावी. टेकडीला वळसा घालत वर जाणारी वाट सगळ्यांना चालते.

२००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगत्वविषयक कराराने या मुलांचा खेळण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आणि पुढच्याच वर्षी भारताने तो मान्य केला. बंगळूरमध्ये ‘किलिकिली’ या संस्थेने पालकांना सोबत घेऊन सार्वजनिक बागांमध्ये अशा जागा उभ्याही केल्या.

त्या संध्याकाळी वडिलांनी मुलीला झोपाळ्यावर बसवलं, पण पाठीला टेकू नव्हता. पाच मिनिटांत दोघं बाकावर आले. मी विचारलं, “झोका आवडला का गं?” तिने मान हलवली आणि बोट दाखवलं. “मला ती वाळू हवीये. किल्ला करायचाय.”

गुडघे खाली जातील इतक्या उंचीवर, चार पायांवर उभा केलेला वाळूचा हौद. एखादा सुतार तो दोन दिवसांत करून देईल.