तानापिहिनिपाजा आणि विहिरीवरची मोटार

मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळेत सातवी-आठवीच्या वर्गात इंद्रधनुष्याचे रंग विचारले, तर उत्तर एका दमात येते : तानापिहिनिपाजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा या सात नावांची आद्याक्षरे जोडून केलेल्या या शब्दाला अर्थ नाही, पण तोंडात बसणारा ठेका आहे. सुट्या सात गोष्टी एका वेळी ध्यानात धरताना माणसाची दमछाक होते, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले होते. सातांचा एक शब्द केला की ती ओझी एकच गाठोडे होऊन येतात. मात्र त्याच वर्गात ‘काचेच्या लोलकातून जाताना यांतला कोणता रंग सर्वांत जास्त वळतो?’ असे विचारले की शांतता पसरते. शब्दाने क्रम सांभाळला, पण तो क्रम कशाचा आहे, हे मात्र हरवले.

तो क्रम तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशाच्या एका लाटेच्या लांबीचा आहे. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर असते आणि ती घटत घटत जांभळ्यापाशी ४०० नॅनोमीटरच्या आसपास येते. काचेत तरंगलांबी जितकी कमी, तितका किरण अधिक वळतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना त्या शब्दाला एक शेपूट जोडायला सांगतो : ‘तांबडा लांबडा, सर्वांत कमी वाकडा.’ यमक ओबडधोबड आहे, पण त्यातून पुढचे बरेच काही काढता येते. हवेतल्या रेणूंमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे जांभळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे नऊ पट विखुरला जातो. पैठणला नाथसागराच्या काठावर मावळता सूर्य तांबडा दिसतो, कारण क्षितिजाजवळून येणाऱ्या किरणांना हवेतून फार लांब वाट काटावी लागते आणि त्या वाटेवर आखूड तरंगांचे रंग गळून ‘लांबडा’ तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो.

या शब्दात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रंग सातच आहेत, हे निसर्गाने ठरवलेले नाही. न्यूटनने आधी पाच रंग मानले होते. नारिंगी आणि पारवा हे दोन त्याने मागून घातले, आणि त्यामागे संगीताच्या सात स्वरांशी जुळणी करण्याची त्याची ओढ होती. वर्णपटात एक रंग दुसऱ्यात सलग मिसळत जातो, कुठेही बांध घातलेला नसतो. तेव्हा निळा आणि जांभळा यांच्यामध्ये पारवा नेमका कुठे, हे ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही, त्याच्या डोळ्यांत काही दोष नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांना काही संज्ञा फुकटच लक्षात राहतात, याचे भान आपल्याला क्वचितच असते. परावर्तनात ‘परत’ ऐकू येते. अंतर्गोल आणि बहिर्गोल हे शब्द तर स्वतःच आकृती काढून दाखवतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गात ‘कॉन्केव्ह’ आणि ‘कॉन्व्हेक्स’ यांची अदलाबदल होताना पाहिली, की मी फळ्यावर शेजारी मराठी शब्द लिहितो आणि काम भागते.

फ्लेमिंगच्या हातांचे नियम हा मात्र खरा गोंधळाचा प्रांत आहे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांशी काटकोनात धरली, की डाव्या हाताचा अंगठा बलाची, तर्जनी चुंबकीय क्षेत्राची आणि मधले बोट विद्युतधारेची दिशा दाखवते. तारेच्या मधून वाहते ती धारा, म्हणून मधले बोट. जोर लावतो तो अंगठा. उरलेली तर्जनी क्षेत्राची. पण हात कोणता? मोटारीसाठी डावा, वीज निर्माण करणाऱ्या जनित्रासाठी उजवा. ‘जनित्र’ आणि ‘उजवा’ या दोन्ही शब्दांत ‘ज’ आहे, ‘मोटार’ आणि ‘डावा’ यांत तो नाही. एवढ्याने परीक्षेतला गुण वाचतो.

गतीची तीन समीकरणे घोकण्यापेक्षा विहिरीच्या कठड्यावर उभे राहून खडा टाकणे मला अधिक पसंत आहे. गुरुत्वीय त्वरण १० मानले, तर पहिल्या सेकंदाच्या अखेरीस खड्याचा वेग सेकंदाला १० मीटर होतो. सुरुवातीला तो शून्य होता, म्हणजे सरासरी ५, आणि म्हणून त्या सेकंदात अंतर ५ मीटर. दुसऱ्या सेकंदात वेग १० वरून २० वर जातो, सरासरी १५; तिसऱ्यात सरासरी २५. एक, तीन, पाच अशा विषम संख्यांची ही चढण गॅलिलिओने ओळखली होती. त्यांची बेरीज केली की ५, २०, ४५ मीटर येतात, म्हणजेच सेकंदांचा वर्ग पाचाने गुणायचा. दोन सेकंदांनी ‘डुबुक’ ऐकू आले, तर पाणी २० मीटर, म्हणजे सुमारे ६५ फूट खाली आहे. आवाजाला वर यायला लागणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असल्यामुळे सोडून देता येतो. ज्याला ‘सरासरी वेग गुणिले वेळ’ एवढे कळले, त्याला दुसरे समीकरण विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

सर्वांत लाडकी आणि माझ्या मते सर्वांत धोक्याची युक्ती म्हणजे ओहमच्या नियमाचा त्रिकोण. वर विभवांतर (म्हणजे व्होल्टेज, बोलीभाषेत ‘दाब’), खाली धारा आणि रोध. हवे त्यावर बोट ठेवायचे आणि उरलेल्या दोघांचा गुणाकार किंवा भागाकार करायचा. उत्तर झटक्यात येते, आणि म्हणूनच नियमाची अट कुणी विचारत नाही. तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम असलेल्या वाहकासाठीच तो रोध स्थिर मानता येतो.

अट विसरल्यावर काय होते, ते शेतकऱ्याच्या मुलाला विचारावे. रात्रीची लाइट आली आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की ४१५ व्होल्टचा दाब ३३० पर्यंत उतरतो. त्रिकोण सांगतो, विभवांतर घटले म्हणजे धाराही घटेल आणि मोटार थंड राहील. प्रत्यक्षात अशाच रात्री मोटारी जळतात आणि रिवाइंडिंगच्या दुकानापुढे रांग लागते. विहिरीवरच्या मोटारीतला रोटर, म्हणजे तिचा फिरणारा भाग, फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किंचित मागे राहून फिरतो, आणि हे मागे राहणेच त्याच्यात धारा निर्माण करते. दाब ८० टक्क्यांवर आला, तर ठरावीक पिछाडीवर मोटारीला मिळणारा पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, दाबाच्या वर्गाप्रमाणे ६४ टक्क्यांवर येतो. पण वर ढकलायच्या पाण्याचा भार जवळपास तेवढाच असतो. मग रोटर आणखी मागे पडतो, क्षेत्र त्याला अधिक वेगाने ओलांडते आणि भार पेलण्यासाठी मोटार जास्त धारा ओढू लागते. गुंडाळीतली उष्णता धारेच्या वर्गाने वाढते, म्हणून धारा २० टक्क्यांनी वाढली की उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते आणि तारांवरचा लेप करपू लागतो.

हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बऱ्याच स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँमीटर शेजारी शेजारी बसवलेले असतात. दाब उतरलेल्या रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांच्याकडे पाहावे : पहिल्याचा काटा खाली सरकत असतो आणि दुसऱ्याचा वर.