स्थूलतेची जनुके आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनकर्करोग

वजन वाढण्याकडे कल देणारी काही जनुकरूपे आणि पाळी कायमची गेल्यानंतर होणारा स्तनाचा कर्करोग यांचा परस्परसंबंध इथे पाहू. हा संबंध वाटतो तितका सरळ नाही. ‘जाडेपणाचे जनुक, म्हणून कर्करोग’ असे समीकरण मांडले की ते चुकते, आणि ग्रामीण विदर्भातल्या बायांच्या बाबतीत तर जास्तच.

पाळी चालू असताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) मुख्यतः अंडाशयात तयार होते. पाळी गेल्यावर ते काम चरबीकडे येते. चरबीतले अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. चरबी वाढली की इस्ट्रोजेन वाढते, त्यासोबत इन्सुलिनही वाढते आणि स्तनातल्या पेशींना विभाजनाची चालना मिळत राहते. या वयातल्या रुग्णांना रोज दिली जाणारी लेट्रोझोलची गोळी याच विकराला अडवते. पाळी गेलेल्या स्त्रियांत बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ५ ने वाढला की धोका साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. पाळी जाण्याआधी मात्र जास्त वजनाने धोका वाढत नाही, उलट थोडा कमीच दिसतो.

स्थूलतेशी जोडलेल्या जनुकांत एफटीओ सर्वांत परिचित. २००७ मध्ये त्याचा संबंध उघड झाला. आईवडील दोघांकडूनही त्याचे धोक्याचे रूप मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरी ३ किलोने जास्त आढळले. म्हणजे जनुकाचा वाटा तेवढाच. उरलेले वजन जनुकाच्या नावावर टाकण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी एमसी४आर जनुकाजवळचा बदल भारतीय वंशाच्या लोकांत कंबरेच्या घेराशी जोडला गेला. ही रूपे बहुधा भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांच्यावर परिणाम करतात. अंगमेहनत करणाऱ्यांत एफटीओचा प्रभाव सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो, असे दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीवरून २०११ मध्ये दिसले. निंदण, कापूस वेचणी, डोक्यावर ओझी यांत दिवस जाणाऱ्या बाईत हे जनुक पुष्कळसे दबून राहत असावे.

खरा पेच पुढे आहे. वजन वाढवणारी अनेक जनुकरूपे एकत्र मोजून पाहिली, तेव्हा ती जास्त असलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोग कमी निघाला, पाळी गेल्यानंतरसुद्धा. मापलेले वजन एक सांगते आणि जनुके उलटे! याचा सर्वांत पटणारा खुलासा असा की ही जनुके लहानपणापासूनच अंग भरलेले ठेवतात आणि लहानपणीच्या गुटगुटीतपणाने पुढचा धोका कमी होतो. पाळी गेल्यानंतर घात करते ती प्रौढपणी चढलेली चरबी. एफटीओमधला एक बदल इस्ट्रोजेनला दाद न देणाऱ्या गाठींशी जोडला गेला आहे खरा, पण तो वजनाच्या वाटेने काम करत नाही.

विदर्भात नेमके उलटे चित्र भेटते. हडकुळे बालपण, सडपातळ तारुण्य आणि चाळिशीनंतर पोटावर साचलेली चरबी. दीडशे सेंटिमीटर उंचीची बाई लग्नात ४२ किलोची असते. पोरगा नोकरीला लागतो, शेत ठेक्याने जाते, आणि पन्नाशीत काटा ५८ दाखवतो. गावात तिला कोणी जाडी म्हणत नाही. ‘आता जरा अंगानं भरली’ म्हणतात. तिचा बीएमआय मात्र १८.७ वरून २५.८ वर गेलेला असतो आणि भारतीयांसाठी २५ पासून स्थूलता धरतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीर दिसायला बारीक, पण चरबीने भरलेले असते हे नवजात बाळांतही दाखवले आहे. म्हणून इथे नुसत्या काट्यापेक्षा कंबरेला टेप लावणे जास्त उपयोगी.

गावातल्या बाईच्या बाजूने काही गोष्टी आहेत. प्रत्येक बाळंतपणाने धोका सुमारे ७ टक्के आणि अंगावर पाजण्याच्या दर वर्षामागे ४ टक्क्यांच्या आसपास घटतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही आनुवंशिक कर्करोगाची जनुके पूर्ण वेगळी. घरात आई-बहिणीला कमी वयात हा रोग झाला असेल तर चौकशी त्यांची करावी, एफटीओची नाही. एफटीओची चाचणी करून उपचारात काहीच बदलत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत.

अडचण जनुकांपेक्षा डॉक्टरांना दाखवण्याची मोठी आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण आधी तपासणी करून घेतलेल्या जेमतेम ८ टक्के (१९८९). गाठ दुखत नाही, म्हणून ती हंगाम संपेपर्यंत लांबणीवर पडते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याहून लहान वयात तसा फरक पडला नाही. पाळी गेलेल्या बाईला अशा तपासणीचा लाभ अधिक, हा त्याचा अर्थ. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा मोफत होते. गाठ लागली तर पुढचा रस्ता सेवाग्राम किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाचा.