विहीर समुद्राला लागून, पाणी मात्र गोडं

गुहागरला आमच्या आजोळची माडाची वाडी आहे. वाडी संपली की थोडी सुरूची झाडं आणि मग थेट पुळण, म्हणजे भरतीला लाटांचा आवाज विहिरीवर उभं राहून ऐकू येतो आणि त्याच विहिरीचं पाणी आम्ही लहानपणापासून पितोय. मुंबईचे पाहुणे आले की हमखास विचारणार, हे खारं कसं नाही? आजीचं उत्तर ठरलेलं, देवाची कृपा. मालवणला सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघतानाही लोक हेच विचारतात, पण तिथे खडक आहे, ते प्रकरण वेगळं, आपण वाळूतली विहीरच घेऊ.

बऱ्याच जणांना वाटतं वाळू मीठ गाळते. अजिबात नाही! तसं असतं तर गाळण्याने सरबतातली साखरपण काढता आली असती. विहिरीतलं पाणी मुळात समुद्राचं नाहीच, ते पावसाचं आहे. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर चक्क तरंगतं, पाण्यात सोडलेल्या ओंडक्यासारखं, वर थोडं आणि बाकी सगळं खाली.

किती खाली, तेही काढता येतं. एक हजार लिटर गोडं पाणी म्हणजे साधारण 1000 किलो आणि समुद्राचं साधारण 1025, फरक अडीच टक्क्यांचाच. आता समुद्रसपाटीच्या 40 मीटर खाली एक चौरस मीटरचा तुकडा मनात धरा. समुद्राच्या बाजूने त्याच्यावर 40 मीटर खाऱ्या पाण्याचा खांब, वजन 41 टन. जमिनीच्या बाजूने तेवढाच दाब द्यायला गोड्या पाण्याचा खांब 41 मीटर हवा, म्हणजे तो समुद्रापेक्षा एक मीटर वर आला पाहिजे. थोडक्यात विहिरीतली पातळी समुद्राच्या एक फूट वर असेल तर खाली जवळजवळ 40 फूट गोडं पाणी! 1888 च्या सुमारास हॉलंडच्या बादोन घायबेनने आणि 1901 मध्ये जर्मनीच्या हर्झबर्गने हे वेगवेगळं मांडलं, म्हणून नियमाला दोघांची नावं.

मग दोन्ही पाणी मिसळत कसं नाही? मिसळतं, पण सीमेवरच्या पट्ट्यात, कारण वाळूच्या कणांमधून पाणी फार हळू सरकतं, तिथे घुसळण होत नाही. शिवाय गोडं पाणी आपल्या उंचीच्या जोरावर सतत समुद्राकडे वाहत असतं आणि खाऱ्याला मागे रेटतं. ओहोटीला पुळणीवर बारीक ओघळ दिसतात ना, त्यात समुद्राचं उतरणारं पाणी असतंच, पण थोडं हेही असतं.

आता मामाची गोष्ट. पूर्वी रहाट होता, हळूहळू वरवरचंच पाणी निघायचं. मग पंप आला, एका एप्रिलमध्ये पाणी कमी पडायला लागलं तेव्हा मामा म्हणाला खोल मारूया, आणि विहीर आठ फूट खाली नेली. कोणालाही हेच सुचलं असतं, मलाही. पण वरचा हिशोब उलटा लावून बघा, पातळी एक फूट उतरवली की खालच्या खाऱ्याला 40 फूट वर यायची मुभा मिळते, आणि आपण तर विहिरीचा तळच त्याच्याकडे नेला होता. ते लगेच येत नाही, हीच फसवणूक आहे. पंपाखाली वारुळासारखा उंचवटा धरत सावकाश चढतं, पहिले काही आठवडे मस्त पाणी आणि मग मे महिन्यात चहा फाटायला लागला, पोफळीची पानं कडेने करपली. पंप बंद केला तरी वर आलेलं खारं पटकन उतरत नाही, वरून पावसाचं नवं पाणी भरून दाब वाढावा लागतो. आम्हाला नीट चव परत यायला दोन पावसाळे गेले.

तळ परत वाळूने भरून घेतलाय. हल्ली मामा सकाळी अर्धा तास पंप लावतो, पहिला तांब्या स्वतः पितो आणि जराही मचूळ लागलं की फ्यूज काढून खिशात टाकतो.