पहिल्या नियमाआधीची दोन हजार वर्षे

इयत्ता नववीच्या विज्ञानात न्यूटनचे गतिविषयक तीनही नियम एकाच प्रकरणात लागोपाठ येतात, आणि त्यांतला पहिला नियम सर्वांत सोपा समजून विद्यार्थी तो पाठ करून मोकळे होतात. असंतुलित बल कार्यरत नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू सरळ रेषेत एकसमान वेगाने जात राहते, एवढेच त्यात म्हटले आहे. त्यात सूत्र नाही आणि आकडेमोडही नाही. प्रत्यक्षात तीन नियमांपैकी माणसाला उमगायला सर्वाधिक काळ लागला तो याच नियमाला.

याचे कारण रोजच्या अनुभवात आहे. बैल थांबले की गाडी थांबते, ढकलणे सोडले की कपाट जागच्या जागी राहते. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने या अनुभवालाच सिद्धांताचे रूप दिले. जड वस्तू खाली येणे आणि ज्वाळा वर जाणे या त्याच्या मते नैसर्गिक गती होत्या, आणि बाकी प्रत्येक गतीसाठी ढकलणारा किंवा ओढणारा कोणीतरी सतत लागतो, असे तो मानत असे. घर्षण हेही एक बलच आहे, हे ध्यानात न आल्यास याहून वेगळा निष्कर्ष निघणे कठीण, त्यामुळे ॲरिस्टॉटलला हसण्याचे कारण नाही. अडचण होती ती फेकलेल्या दगडाची. हातातून सुटल्यावर त्याला कोण ढकलते? दगडाभोवतीची हवाच त्याला पुढे नेते, असे ॲरिस्टॉटलचे उत्तर होते.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातील जॉन फिलोपोनस याने हे उत्तर नाकारले. हवाच जर दगड नेत असेल, तर हाताचा स्पर्श न होता नुसती मागची हवा हलवून दगड उडायला हवा, आणि तसे तर होत नाही, असा त्याचा आक्षेप होता. फेकणारा वस्तूतच काहीतरी शक्ती भरतो, असे त्याने सुचवले. पुढे अकराव्या शतकात इब्न सिनाने आणि चौदाव्या शतकात पॅरिस विद्यापीठातील ज्याँ ब्युरिदाँ याने ही कल्पना अधिक नेटकी केली. ब्युरिदाँची उदाहरणे आजही वर्गात चालतील अशी आहेत. धार लावण्याचे चाक हात काढल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ते आपली जागा सोडत नाही, मग हवा त्याच्या मागे शिरून त्याला ढकलणार कशी? वस्तूत भरलेल्या या शक्तीला त्याने ‘इम्पेटस’ म्हटले, आणि ती वस्तूतील द्रव्य व वेग या दोहोंवर अवलंबून असते, असे सांगितले. आजच्या संवेगाच्या, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराच्या, हे फार जवळ जाते. फरक एवढाच, पण तो मूलभूत आहे, की ब्युरिदाँच्या लेखी इम्पेटस हे गतीचे कारण होते, म्हणजे गती टिकण्यासाठी कारण हवेच, हा आग्रह त्यानेही सोडला नव्हता. वर उडवलेल्या चेंडूवर हात सुटल्यानंतर कोणते बल असते, असे विचारले तर आजही अनेक विद्यार्थी ‘हाताने दिलेले बल’ असे सांगतात. ते नकळत ब्युरिदाँचेच उत्तर देत असतात.

खरा पेच निर्माण झाला तो 1543 साली कोपर्निकसने पृथ्वी फिरते असे मांडल्यावर. पृथ्वी फिरत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड मागे का पडत नाही, हा विरोधकांचा सवाल बिनतोड वाटत असे. त्याचे उत्तर गॅलिलिओकडे होते: सुटलेला दगड पृथ्वीबरोबरची आपली गती टिकवून ठेवतो. सरळ खाली पडणारी वस्तू मोजमाप करण्याच्या मानाने फार वेगाने पडते, म्हणून त्याने उतरणीचा उपाय केला. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत बोटभर रुंदीची गुळगुळीत खाच पाडून, तिला आतून चर्मपत्र लावून, तो तिच्यातून काशाची गोळी सोडत असे. घड्याळाच्या जागी पाण्याचे भांडे असे: बारीक धारेने खाली साचलेल्या पाण्याचे वजन करून तो वेळ ठरवी. पार केलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे यातून सिद्ध झाले. एका उतारावरून सोडलेली गोळी समोरच्या चढावर जवळपास तितकीच उंची गाठते, आणि चढ जितका सौम्य तितकी ती लांब जाते. मग चढच उरला नाही, तर ती थांबेल कशाला? ही शेवटची पायरी मात्र त्याने केवळ विचाराने ओलांडली, कारण घर्षणरहित पृष्ठभाग कोणापाशीच नव्हता. हे सारे 1638 मध्ये लायडन येथे छापले गेले, तेव्हा गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याच्या चरित्रलेखनातून आली असून, तिच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांना शंका आहे. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड काठीच्या पायथ्याशीच पडतो, हे मात्र पिएर गासेंदीने 1640 मध्ये मार्सेय येथे करून दाखवले.

तरीही गॅलिलिओचे ‘सपाट’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वत्र सारख्या अंतरावरचे पृष्ठ, म्हणजेच शेवटी वर्तुळ होते. सरळ रेषेचा आग्रह फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1644 मध्ये धरला: गोफणीतला दगड गोल फिरतो तो गोफणीने धरल्यामुळे, सुटला की तो सरळ जाऊ पाहतो. या एका दुरुस्तीने प्रश्नच पालटला. चंद्राला पुढे कोण ढकलतो, हे विचारण्याची गरज उरली नाही. तो सरळ न जाता वळतो का, हे विचारावे लागले. 1684 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेला तो ग्रहांच्या कक्षेचा प्रश्न घेऊनच, आणि त्यातून 1687 मध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पहिल्या दोन नियमांचे श्रेय न्यूटनने त्यात गॅलिलिओला दिले आहे, काहीसे सढळ हाताने. तिसऱ्या नियमासाठी त्याने टकरींचा अभ्यास केलेल्या वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांचे नाव घेतले आहे.

दुसऱ्या नियमाचे वस्तुमान गुणिले त्वरण हे रूप मात्र ‘प्रिन्सिपिया’त त्या स्वरूपात सापडत नाही. तिथे संवेगातील बदल आणि लावलेले बल यांचे प्रमाण सांगितले आहे. उदाहरणे सोडवताना आपण जे समीकरण वापरतो, ते सर्वसाधारण नियम म्हणून लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकाच्या मध्यावर मांडले, आणि बलाच्या एककाला न्यूटनचे नाव वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 1948 मध्ये दिले.