महाराणीपासून गौरीपर्यंत

‘सडक’ (१९९१) मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी महाराणी उभी केली. सर्वोत्कृष्ट खलभूमिकेसाठीचा फिल्मफेअर पुरस्कार तेव्हा नव्यानेच सुरू झाला होता आणि त्याचे पहिले मानकरी तेच ठरले. काम जबरदस्त होतं, यात वाद नाही. पण तृतीयपंथी पात्र म्हणजे एक तर अंगावर येणारा खलनायक, नाहीतर टाळी वाजवून हशा वसूल करणारं कोणीतरी, हा हिंदी पडद्याचा साचा त्याने आणखी घट्ट केला.

पाच वर्षांनी अमोल पालेकरांच्या ‘दायरा’ने वेगळी वाट धरली. स्त्रीवेषात वावरणारा कलावंत आणि बलात्कारानंतर पुरुषी कपडे चढवलेली तरुणी, या दोघांचा हा प्रवास. फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन महोत्सवात निर्मल पांडे यांना चक्क अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

याच दशकात अमेरिकेत पारलिंगी, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या व्यक्तींच्या अभ्यासाची बैठक पक्की होत होती. पारलिंगी व्यक्तींनी आपला इतिहास पुसून समाजात मिसळून जाण्यापेक्षा तो आपणच मांडावा, असं पारलिंगी अभ्यासक सँडी स्टोन यांनी आपल्या निबंधात बजावलं होतं. सिनेमाच्या अभ्यासाला खरी धार आणली ती अभ्यासक जॅक हॅलबरस्टॅम यांनी. ब्रँडन या पारलिंगी पुरुषाची गोष्ट सांगणाऱ्या ‘बॉइज डोन्ट क्राय’ या अमेरिकन सिनेमावर २००१ मध्ये लिहिताना त्यांनी दाखवून दिलं, की कॅमेरा काही काळ ब्रँडनच्या नजरेने जग पाहतो आणि नंतर ती नजर सोडून देतो. पात्र पडद्यावर आहे एवढ्याने भागत नाही. आपण त्याच्या बाजूने पाहतोय की त्याच्याकडे, हा प्रश्न तिथून पुढे टाळता येईना.

मराठीत हा प्रश्न जपून विचारावा लागतो. ‘जोगवा’तला तायप्पा देवीला सोडलेला जोगता आहे, साडी त्याच्यावर लादलेली आहे. ‘नटरंग’चा गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. दोघांनाही पारलिंगी म्हणून मोजणं मला चुकीचं वाटतं. बाईपण नाकारलं जाणं वेगळं आणि बाईपण माथी मारलं जाणं वेगळं.

‘नटरंग’चे दिग्दर्शक रवी जाधव पुढे ‘बालगंधर्व’ करून २०२३ मध्ये ‘ताली’ या वेब मालिकेपर्यंत आले. इथे मात्र गोष्ट थेट पारलिंगी कार्यकर्त्या गौरी सावंत यांची, हक्कांच्या लढाईची. भूमिका सुष्मिता सेन यांनी केली. पारलिंगी अभिनेत्रीलाच मुख्य भूमिका देण्याचं धाडस तमिळ सिनेमाने ‘नर्तकी’त कल्की सुब्रमण्यम यांना घेऊन २०११ मध्येच केलं होतं.