रोनाल्ड्स ग्रंथसंग्रह

विद्युत, चुंबकत्व आणि तारायंत्र या विषयांवरील जुने ग्रंथ, पुस्तिका व शास्त्रीय नियतकालिकांतील लेख यांचा लंडनमधील संग्रह. ब्रिटिश संशोधक सर फ्रान्सिस रोनाल्ड्स (१७८८–१८७३) यांनी तो जमवला. सध्या तो इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी या संस्थेच्या ताब्यात आहे.

रोनाल्ड्स यांनी १८१६ साली हॅमरस्मिथ येथील आपल्या बागेत लाकडी चौकटींवरून सुमारे आठ मैल (१३ किमी.) लांबीची लोखंडी तार फिरवून तारायंत्राचा प्रयोग केला. तारेच्या दोन्ही टोकांना घड्याळाच्या यंत्रावर एकाच गतीने फिरणाऱ्या तबकड्या होत्या. त्यांवरचे एकेक अक्षर क्रमाने खाचेतून दिसे. तारेत स्थिर विद्युत भरली, की टोकाला टांगलेल्या भेंडाच्या दोन गोळ्या एकमेकींपासून दूर राहत. पाठवणाऱ्याने विद्युत काढून घेतली, की त्या मिटत आणि त्या क्षणी खाचेत दिसणारे अक्षर हा संदेश. ब्रिटिश नौदल खात्याला त्यांनी हे यंत्र दाखवण्याची तयारी दर्शवली. पण नेपोलियनशी चाललेले युद्ध वर्षभरापूर्वीच संपले होते, आणि कोणत्याही प्रकारच्या तारायंत्राची आता गरज नाही, असे खात्याने कळवले. रोनाल्ड्स यांनी या प्रयोगाचे वर्णन १८२३ मध्ये एका पुस्तिकेत छापले. पुढे क्यू वेधशाळेचे मानद संचालक असताना त्यांनी चुंबकीय व वातावरणीय उपकरणांच्या नोंदी छायाचित्रणाने आपोआप घेण्याची पद्धत बसवली (१८४५). छायाचित्रणाने चुंबकीय नोंदी घेण्याचा हा मार्ग नंतर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनेही धरला.

असा संग्रह का लागावा, हे त्या काळची शोधांची प्रसिद्धी पाहिली म्हणजे उमगते. व्होल्टा यांनी विद्युतघटाचे वर्णन १८०० मध्ये फ्रेंच भाषेतल्या पत्रात केले आणि ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले. विद्युतप्रवाहाने होकायंत्राची सुई हलते, हा अर्स्टेड यांचा शोध जुलै १८२० मध्ये अवघ्या चार पानांच्या लॅटिन पत्रकातून युरोपभर गेला. जूल यांचे पहिले लेखन १८३८ मध्ये विल्यम स्टर्जन यांच्या विद्युतविषयक नियतकालिकात छापले गेले. ते नियतकालिक १८३६ मध्ये निघाले आणि १८४३ मध्ये बंद पडले. जाड ग्रंथ कुठल्या ना कुठल्या कपाटात टिकतात. चार पानांची पत्रके आणि अल्पायुषी नियतकालिके मात्र कोणी जाणीवपूर्वक जपली नाहीत, तर नाहीशी होतात. म्हणून या संग्रहातील पुस्तिका व सुटे छापील लेख हेच त्याचे खरे धन मानावे लागते. रोनाल्ड्स यांचा उत्तरायुष्यातील बराच काळ इटलीत गेला आणि इटालियन, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा अनेक भाषांतील साहित्य त्यांच्या संग्रहात आले.

संग्रहाइतकीच, किंबहुना काकणभर अधिकच मोलाची आहे ती त्यांनी केलेली सूची. तिच्यात सुमारे १३,००० नोंदी असून लेखकांच्या नावांच्या वर्णक्रमाने त्या लावल्या आहेत. अनेक लेखकांचे जन्ममृत्यूचे तपशीलही दिले आहेत. स्वतःजवळ नसलेल्या लेखनाच्याही नोंदी रोनाल्ड्स यांनी केल्या. संग्रहात असलेले साहित्य खुणेने वेगळे ओळखता येते. त्यामुळे एका माणसाच्या कपाटापुरती न राहता, विद्युतशास्त्रात तोवर काय काय लिहिले गेले याचा शोध घेण्याचे ती साधन बनली. संगणक तर सोडाच, या विषयाची पुरेशी छापील सूचीही हाताशी नसताना एकट्याने वर्षानुवर्षे केलेले हे काम आहे.

रोनाल्ड्स यांना १८७० मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांच्या निधनानंतर संग्रह त्यांचे मेहुणे सॅम्युएल कार्टर यांच्याकडे आला. सूची छापली जावी, या अटीवर कार्टर यांनी तो सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स (स्थापना १८७१) या संस्थेकडे विश्वस्त निधी म्हणून सोपवला. आल्फ्रेड फ्रॉस्ट यांनी संपादित केलेली सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. ही संस्था १८८८ पासून इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स या नावाने आणि २००६ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते.

भौतिकीविज्ञ सिल्व्हेनस थॉम्पसन यांचा ग्रंथसंग्रहही त्यांच्या मृत्यूनंतर (१९१६) याच संस्थेकडे आला. चुंबकत्वावरील विल्यम गिल्बर्ट यांचा १६०० सालचा लॅटिन ग्रंथ हा थॉम्पसन यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता.